गोल तडा

माझ्या उजव्या डोळ्याचे फोटो माझ्या लग्नाच्या फोटोंपेक्षा जास्त आहेत. लग्नाचे मी निदान पाहिलेत. डोळ्याचे पुष्कळ दिवस मला कोणी दाखवलेच नाहीत, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

बुबुळाचे पुढचे थर काढून तिथे दुसऱ्या माणसाचे बसवतात, ते ऑपरेशन माझं झालंय. ज्यांच्या वाट्याला ते आलंय किंवा येणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितो. औषधांची नावं यात मिळणार नाहीत. डॉक्टर जे सांगत नाहीत आणि घरचेही सांगत नाहीत, तेवढंच यात आहे.

मी बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्र घेऊन. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि ते मला कोणी आंदण दिलेलं नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणारा एक कारखाना आहे, त्याच्या लॅबमध्ये मी नोकरीला. घर चिंचणीला. घरी बाबा सोनारांसाठी डाया कोरतात. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची, सोनार तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो, आणि पत्र्यावर पान, फूल, मोर उठतो. चिंचणी-तारापुरात घरोघरी हे काम चालतं. खिडकीशी बसायचं, एका डोळ्याला भिंग लावायचं आणि दुसरा मिटायचा.

माझा डावा डोळा जन्मापासून नावापुरता. समोर माणूस आहे की खांब, एवढंच त्याला कळतं. वाचणं, लिहिणं, लॅबमधल्या काचनळीवरची बारीक रेघ बघणं, हे सगळं उजव्याचं काम. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत त्या उजव्यावरच संकट आलं.

फूल

एका रविवारी बाबांना हात द्यायला बसलो होतो. छिन्नीच्या घावाबरोबर पोलादाचा कण उडाला तो डोळ्यात. आमच्याकडे यात नवल काही नाही. शेजारच्या काकांनी नेहमीसारखं डोळ्याजवळ लोहचुंबक फिरवलं, कण निघाला, आणि सगळे चहा प्यायला गेले. निघाला तो नुसता कण. त्याचा गंज आत राहिला. डोळा चिघळला, बरा व्हायला फार दिवस लागले, आणि जाताना जखम बुबुळाच्या बरोबर मधोमध पांढरं फूल ठेवून गेली. साबुदाण्याएवढंच, पण नेमकं दारातच बसलेलं.

कारखान्यात मला लॅबमधून उठवून स्टोअरमध्ये बसवलं. "तात्पुरतं" म्हणाले. तात्पुरतं या शब्दावर माझा विश्वास नाही. बोईसरला तात्पुरत्या उभ्या केलेल्या शेडमध्ये लोकांची नातवंडं खेळताना मी पाहिलीत.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो, बाबा आणि सुमन बरोबर. सुमन माझी बायको, उमरोळीची. डॉक्टर बाई होत्या, वयाने माझ्या थोरल्या बहिणीएवढ्या, बोलायला झटपट. हनुवटी टेकवायच्या यंत्रापुढे बसवलं, डोळ्यावर उजेडाची उभी फट सोडली, आणि यंत्राच्या वरून खटकन फोटो निघाला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"रेकॉर्डला." मग म्हणाल्या, "फूल पुढच्या थरांत आहे. अगदी आतला थर चांगला आहे तुमचा. तेव्हा आपण पुढचा भाग बदलू. आरपार नाही कापायचं."

"म्हणजे अर्धंच बदलणार?"

"अर्ध्याहून जास्त. पण पूर्ण जाडी नाही."

बाबा मागे उभे होते. ते म्हणाले, "पुरा का नाय बदलत? बदलायचाच तर पुरा बदला."

"आतला थर यांचा स्वतःचा असताना परका कशाला घ्यायचा, बाबा? परक्याशी शरीर भांडतं. आपला ठेवला तर भांडण कमी."

बाहेर आल्यावर बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आरे, समजलं का तुला? अर्धा तुला, अर्धा कुना मुंबईवाल्याला. एका डोल्यात दोन गिऱ्हाईकं."

मी हसलो नाही. मलाही तोच संशय आला होता. आम्ही पालघरकडचे, जनरल वॉर्डातले. पूर्ण माल आम्हाला कोण देतो?

त्यात डॉक्टरांनी सुमनला पुन्हा आत बोलावलं. "मिसेसना थेंब कसे घालायचे ते समजावते," म्हणाल्या. थेंब समजवायला एवढा वेळ लागत नाही. ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? सगळं छान होईल म्हणाल्या."

सुमनचं वाक्य फार लवकर संपलं. एरवी बाजारात कोलंबी कशी मिळाली हे सांगायला ती अर्धा रस्ता घेते.

कोणाचा डोळा

डोळा मिळाला की निरोप देऊ, असं इस्पितळाने सांगितलं होतं. कारखान्याच्या टेलिफोनवर निरोप आला: उद्याच या. म्हणजे कोणीतरी आजच गेलं. स्टोअरच्या पायरीवर बसून राहिलो. आनंद करावा की काय करावं ते कळेना.

बाबांना वेगळंच कोडं. "कुनाचा हाय?"

"ते सांगत नाहीत, बाबा."

"मंग घ्यायचा कसा? आपन पोलाद घेतो तं कुठलं हाय ते इचारतो. म्हातारा होता का पोऱ्या, कशानं गेला, कायच नाय सांगनार?"

"मेल्यावर डोळे देऊन गेला, एवढं पुरे नाही का?"

बाबांनी हातातली छिन्नी खाली ठेवली. "माणूस चांगला असेल," म्हणाले. "पन चांगल्या माणसाचा डोला बी अधू असतो. तुझाच बघ."

ऑपरेशनच्या वेळी मी जागा होतो. डोळ्याभोवती सुई टोचून तो बधिर केला होता. दुखलं नाही, पण कान उघडे होते. मध्येच डॉक्टर कोणाला तरी म्हणाल्या, "थांब. इथे पातळ आहे." मग सगळे गप्प. बोलणाऱ्या डॉक्टरची भीती वाटत नाही. डोळ्यावर हात चालू असताना गप्प झालेल्या डॉक्टरची वाटते. काय पातळ आहे? माझं की त्या दुसऱ्याचं? नंतर विचारलं तर "छान झालं."

वॉर्डातला दिवस थेंबांवर चाले. सिस्टर यायची, पट्टी सोडायची, थेंब, पुन्हा पट्टी. "वाकू नका, खोकू नका, जोर करू नका, आणि रागावू नका."

"रागवायला काय हरकत आहे?"

"बघा, रागावलातच."

शेजारच्या खाटेवर वाणगावचे एक मिरचीचे बागायतदार होते, त्यांचाही एक डोळा बांधलेला. पहिल्याच सकाळी ते म्हणाले, "तुमचा एक बांधलेला, एक कामाचा नाय. माझा एक बांधलेला, एक बरा. दोघांत मिळून एक डोळा हाय. जेवण आलं की मी सांगीन ताटात काय हाय, तुमी खा." आणि खरंच रोज सांगायचे: "उजवीकडं भाजी, डावीकडं डाळ, मधे जे हाय ते काय हाय मलाबी कळत नाय." त्या दिवसांत मी कोणावर संशय घेतला नसेल तर त्यांच्यावर.

छान

पट्टी सुटली तेव्हा समोर धुकं होतं. धुक्यातून खिडकीची चौकट दिसली. फूल होतं तेव्हा तीही नीट दिसत नव्हती, म्हणून मी मनातल्या मनात उडी मारली. पण आठवडे गेले, तरी धुकं तिथेच.

दर खेपेला बोईसरहून गाडी पकडून मुंबईला जायचं आणि दर खेपेला फोटो काढून घ्यायचे. एक उजेडाच्या फटीचा. दुसऱ्या यंत्रात डोळ्यासमोर प्रकाशाच्या गोल कड्या, एकीत एक, आणि बुबुळावर पडलेलं त्या कड्यांचं प्रतिबिंब टिपायचे. फोटो काढणाऱ्याला म्हटलं, "एक दाखवा ना." तो म्हणाला, "पेशंटला नाही दाखवत. मॅडमना विचारा." मॅडमना विचारलं, तर "छान चाललंय."

लॅबमध्ये मी एखाद्या नमुन्यापुढे 'छान' असं लिहिलं असतं, तर साहेबांनी कागद माझ्या अंगावर फेकला असता. आकडा लिहावा लागतो. माझ्या डोळ्याचा आकडा मला कोणी सांगत नव्हतं.

त्यातच बाहेरच्या बाकावर केळव्याच्या एक मावशी भेटल्या. सुपारीची वाडी होती त्यांची. त्यांचंही बुबुळ बदललेलं, पण आता दुधासारखं पांढरं.

"तुझं फोटू काढतात?" त्यांनी विचारलं.

"दर वेळी."

"माझं बी काढायचे. मंग येक दिस म्हनाले, मावशी, पांढरा झाला. ज्याचं बिघडतं ना बाबा, त्याचंच फोटू जास्ती काढतात."

"तुम्हाला कधी दाखवले?"

"मला कशाला दावतील? मी काय डाक्टर हाय?" कनवटीतून त्यांनी सुपारी काढली. "घे. वाडीतली हाय. डोलं गेलं तं गेलं, दात तरी टिकव."

सुपारी मी खाल्ली. बोलणंही पोटात गेलं, आणि ते सुपारीपेक्षा जास्त दिवस राहिलं.

भिंग

आमच्याकडे सोनाराकडून डाय परत आली की ती आधी बाबांच्या भिंगाखाली जाते. कडक करायला पोलाद तापवून पाणी देतात, तेव्हा कधी कधी त्यात केसासारखा तडा जातो. नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही. अशी डाय ठोक्याखाली उघडते आणि सोन्याचा पत्रा वाया जातो. बाबांनी ज्या डायेला तडा म्हटलं तिला तडा निघालाच. लहानपणापासून मी हेच बघत आलोय.

म्हणून एका सकाळी मीच म्हटलं, "बाबा, माझा डोळा बघा. ते काय दडवतायत ते तरी कळू दे."

त्यांनी मला खिडकीशी बसवलं. "उजेडाकडं तोंड कर. हालू नको." भिंग लावून ते इतके जवळ आले की त्यांचा श्वास माझ्या गालावर लागत होता. मग तो श्वास थांबला. डाय खराब निघाली की तो असाच थांबतो.

"काय?"

"हालू नको म्हनलं ना." पुन्हा बराच वेळ. मग भिंग खाली ठेवून ते म्हणाले, "तडा हाय."

"टाके असतील, बाबा."

"टाके मला कलत नाय? टाके बारीक रेघा हायत, उभ्या. त्यांच्यामधून गोल तडा गेलाय. आख्खा फिरलाय. मधला तुकडा येगला दिसतो."

मावशी, फोटो, 'छान', सुमनचं तोकडं वाक्य, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. बसवलेला तुकडा सुटत होता, आणि ते लोक दर खेपेला तो किती सुटला त्याचे फोटो काढत होते!

"आता?" मी विचारलं.

बाबा उठून फेऱ्या मारायला लागले. "तडा गेलेली डाय टाकवत नसली, नक्षी चांगली असली, तं तिला भवती लोखंडाचं कडं बसवतात. घट्ट. उघडू नये म्हनून."

मग आम्ही माझ्या डोळ्याला कडं बसवलं. इस्पितळातून आणलेल्या कापसाची घडी, वरून पट्टी, आणि बाबांच्या हातचे वेढे. खरं तर तेव्हा मला फक्त काळा चष्मा लावायला सांगितलं होतं. पट्टी सारखी सोडू नये म्हणून थेंबही कमी केले. पुढच्या तारखेला मुंबईला जायचं नाही असंही ठरवलं. तडा बघितला की ते तुकडा काढून टाकतील, मग हाती काय? सुमनला सांगितलं, इस्पितळानेच पट्टी बांधायला सांगितलंय. तिने तरी आम्हाला कुठे सगळं सांगितलं होतं?

पट्टीखाली डोळा खुपायला लागला. पाणी यायला लागलं, उजेड सुईसारखा टोचायला लागला. प्रत्येक कळ आली की मला वाटे, तडा वाढला. आणि प्रत्येक कळेला बाबा एक वेढा वाढवत.

कडं सुटलं

तारीख उलटून गेल्याचं सुमनच्या लक्षात आलं. ती समोर येऊन उभी राहिली. "गेला नाय तुमी?"

"पुढच्या आठवड्यात बोलावलंय."

"कोनी बोलावलंय? कधी सांगितलं?" तिने पट्टीला हात घातला. मी मान मागे घेतली, पण तिने सोडलं नाही. कापूस निघाला आणि ती ओरडली, "लाल झालाय हो! टोमॅटोसारखा झालाय! आन तुमी घरात बांधून बसलात?"

बाबा म्हणाले, "सूनबाई, आत तडा हाय. मी बघितलाय."

"बाबा, तुमी जरा गप बसा." आमच्या घरात सून सासऱ्याला असं बोललेली तोवर मी ऐकली नव्हती. बाबांनीही नव्हती, कारण ते खरंच गप्प बसले.

मीही मग सोडलं नाही. "तू आधी सांग. त्या दिवशी त्यांनी तुला आत बोलावून काय सांगितलं? खरं सांग."

"सांगितलं की पुरतं दिसनार नाय! तुमचा थर आन बसवलेला थर, दोघांच्या मधे धुकं राहतं म्हनाल्या. कमी होईल, पन जाईलच असं नाय. लॅबचं काम जमेल का नाय ते आता सांगता येत नाय. झालं? ऐकलंत?"

"मग इतके दिवस का नाही बोललीस?"

"बोलले असते तं ऑपरेशनच नसतं केलंत तुमी! म्हनाला असता, गॅरंटी नाय तं कशाला जायचं. तुमी बी.एस्सी. झालात ते दुसऱ्याचं ऐकून झालात का?"

ते खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही तिघं मुंबईला निघालो.

उजेडाची पेटी

डॉक्टरांनी डोळा बघितला. आधी फोटो काढला, मग विचारलं, "हा बांधायला कोणी सांगितला?"

"मी बांधला," बाबा म्हणाले. "तडा हाय आत. गोल." आणि त्यांनी खिशातून भिंग काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टर हसतील म्हणून मी तयारीत होतो. हसल्या असत्या तर मी उठून गेलो असतो. पण त्यांनी भिंग उचलून बघितलं, कसलं काम करता विचारलं, आणि फोटो काढणाऱ्याला माझे सगळे फोटो आणायला सांगितले. रंगीत फिल्मचे छोटे छोटे तुकडे, कागदी चौकटीतले. ते त्यांनी भिंतीवरच्या दुधी काचेच्या पेटीवर ओळीने लावले, आतला दिवा लावला, आणि बाबांना म्हणाल्या, "या. तुमच्याच भिंगाने बघा. मुलालाही सांगा काय दिसतं ते."

बाबा पहिल्या तुकड्याला डोळा लावून उभे राहिले. "हा गोल हाय ना..." पुढचा तुकडा बघितला. त्याच्या पुढचा. "पयल्या फोटूत बी हाय. सगल्यांत हाय."

"असणारच. तो तडा नाही, सांधा आहे. दुसऱ्याचं पटल जिथे बसवलं त्याची कड. ती जन्मभर दिसेल."

"वाढला नाय," बाबा पुटपुटले. "पयल्यापासून तेवढाच हाय."

"वाढणारही नाही."

मग त्यांनी मला पुढे घेतलं. उजेडाच्या फटीच्या फोटोत बुबुळ बाजूने कापल्यासारखं दिसतं, कैरीच्या फोडीसारखं वाकडं. डॉक्टर बोट ठेवून सांगत होत्या आणि मी नाक काचेला लावून जेवढं दिसेल तेवढं बघत होतो. पुढचा जाड भाग त्या माणसाचा, मागचा पातळ माझा, आणि दोघांच्या मधे एक राखाडी रेघ. "हेच तुमचं धुकं. पहिला फोटो आणि हा शेवटचा बघा. रेघ फिकी झाली आहे. म्हणूनच दर वेळी फोटो काढतो. नुसत्या नजरेला एवढा फरक लक्षात राहत नाही."

"मग आज डोळा का दुखतोय?"

"ते वेगळं." त्यांचा आवाज बदलला. "एक टाका सैल झालाय, आणि त्याच्याकडे एक लाल शीर चालली आहे. पट्टीखाली थेंब पोचले नाहीत आणि डोळा लाल झालेला कोणाला दिसला नाही. आणखी उशीर केला असता, तर ती शीर आत शिरली असती. मग मात्र हा पांढरा झाला असता."

म्हणजे ज्याला आम्ही कडं घातलं तो तडा नव्हताच, आणि खरी वाळवी कड्याखाली चालू होती.

बाबा भिंग हातात घेऊन नुसते उभे होते. मी मात्र गप्प बसलो नाही, आणि बसायचंही नव्हतं. "मॅडम, चूक आमची. पण धुकं राहील हे तुम्ही बायकोला सांगितलंत, मला नाही. डोळा माझा आहे."

"पेशंट घाबरतात," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "आणि आम्ही घाईत असतो. दोन्ही खरं आहे."

"हे फोटो आणखी कोण बघतं?"

"विद्यार्थी. दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवते कधी कधी."

"मला विचारलं नव्हतं."

"नाही विचारलं." मग सरळ माझ्याकडे बघून, "आता विचारते. दाखवू?"

"दाखवा. पण आधी मला."

त्याच बैठकीत यंत्रापुढे बसवून, डोळा बधिर करून, त्यांनी तो टाका काढला. चिमट्यात धरलेला धागा त्यांनी बाबांपुढे धरला. बाबांना तो भिंगाशिवाय दिसला नाही.

बाकावर बसणाऱ्यांना

संशय सोडा असं मी सांगणार नाही. मी स्वतः सोडलेला नाही. पण संशय घरी नेऊन उशाशी ठेवला की तो वाढतो. ज्याच्यावर आहे त्याच्यापुढे नेऊन ठेवा. "छान" म्हणाले की विचारा, किती छान? मागच्या वेळेपेक्षा किती? फोटो काढले की म्हणा, माझा मला दाखवा. एकदा नाही म्हणतील, दोनदा नाही म्हणतील.

केळव्याच्या मावशींचं बुबुळ आरपार बदललेलं होतं, माझं नव्हतं, हे मला नंतर कळलं. एका बाकावर बसल्याने आजार एक होत नाही.

डोळा लाल झाला, खुपला, उजेड टोचला, तर बांधून ठेवू नका. जा.

आणि घरच्यांनो, पेशंटला सांगा. तो रागावेल, जेवणार नाही, तुमच्यावर ओरडेल. तरी सांगा.

मधली ओळ

लाल शीर थेंबांनी ओसरली. बाकीचे टाके हळूहळू काढले. कड्यांच्या फोटोत आधी कोंबडीच्या अंड्यासारखे दिसणारे गोल बरेचसे गोल झाले, म्हणजे बुबुळाचा बाक सारखा होत आला. हे मी स्वतः बघितलं, कारण आता प्रत्येक फोटो आधी माझ्यापुढे येत होता. मग चष्म्याचा नंबर काढायचा दिवस आला. सुमनला मी मुद्दाम बाहेर बसायला सांगितलं.

तक्ता वाचला. मधल्या ओळीपर्यंत सरळ गेलो. तिच्याखाली अक्षरं होती हे कळत होतं, कोणती ते कळत नव्हतं. डॉक्टरांनी काचा बदलून बदलून पाहिल्या. शेवटी त्यांनी दाराकडे मान वळवली. "मिसेसना बोलवता का जरा?"

"मॅडम, मला सांगा."

त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. "चष्म्याने पेपर वाचाल, पुस्तक वाचाल. खालच्या ओळी येणार नाहीत. धुकं निवळलंय तेवढं निवळलंय, माझ्या मते आता आणखी नाही. रात्री दिव्यांभोवती वर्तुळं दिसतील. काचनळीवरच्या रेघांची खात्री मी देत नाही."

आयुष्यात मला इतक्या नीट कोणी वाईट बातमी दिली नव्हती.

कारखान्याने पुढे मला लॅबमध्ये परत घेतलं, रंगाची छटा जुळवायला आणि नोंदी ठेवायला. काचनळी दुसरा वाचतो. पण ते नंतरचं. त्या दिवशी मला काहीच माहीत नव्हतं. बाहेर आलो तर सुमन उभीच होती.

"काय म्हनाल्या?"

सगळं छान. शब्द जिभेवर तयार होते. तिचा चेहरा बघून तेच म्हणावंसं वाटलं, आणि त्या दिवशी तिने मला तसं का सांगितलं असेल ते मला तिथे, त्या दारात समजलं.

"वाचता येईल," मी म्हटलं. "यापेक्षा जास्त नाही. लॅबचं सांगता येत नाही."

ती पिशवी उचलून म्हणाली, "लॅबचं लॅबवाले बघतील. आज तांदूळ तुमी निवडा. खडा लागला तं मी सोता जाऊन सांगीन कारखान्यात."

घरी पोचल्यावर ओसरीवरच्या उजेडात सूप घेऊन बसलो. नवा चष्मा, डावा डोळा मिटलेला. मनापासून निवडले.

जेवताना बाबांच्या दाताखाली कचकन आवाज झाला. आम्ही सगळे थांबलो. त्यांनी तो खडा तोंडातून काढला, निरखला, आणि हात लांब करून माझ्या ताटाच्या कडेला आणून ठेवला.

"येकच हाय," ते म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.